ज्यू भक्तिगीतं: वेळ, वृत्त, सूर आणि पावसाचं मागणं

ज्यू गाणी ऐकायची म्हटलं की मोबाइलवर पहिल्यांदा समोर येतं ते 'हावा नागिला'. टाळ्या, गोल फेर, चढत जाणारी लय. गाणं सुरेख आहे, पण ती प्रार्थना नाही. चाल पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाच्या एका बिनशब्दांच्या धुनेची, शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेममध्ये बसवलेले. लग्नकार्यात ते म्हणतात, सिनेगॉगच्या नित्य उपासनेत त्याला जागा नाही. सुरुवात तिथून झाली की ज्यू गाणं म्हणजे जल्लोष असा ग्रह होतो आणि मग शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, संथ, जुनी गीतं रटाळ वाटू लागतात. माणूस दोन-चार गाणी ऐकतो आणि सोडून देतो.

खरं तर मराठवाड्यातल्या माणसाला ही गीतं लवकर उमगायला हवीत. संध्याकाळचा हरिपाठ, कार्तिकातला काकडा, पैठणची नाथषष्ठी हे सगळं पाहिलेल्याला गाण्याची घटका ठरलेली असते हे सांगावं लागत नाही. नांदेडच्या हजूरसाहिबला गुरबानी ऐकणाऱ्यांना हेही माहीत असतं की नामदेवांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथात आहेत. दुसऱ्याच्या उपासनेतलं गाणं मान देऊन ऐकायची सवय इथल्या मातीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: या गीतांमधली श्रद्धा चालीत शोधू नका. चाली देशोदेशी वेगळ्या आहेत. येमेनची निराळी, मोरोक्कोची निराळी, पोलंडची निराळी. बदलत नाही ते गीताचं अक्षर आणि ते म्हणायची घटका. या दोन गोष्टी नीट धरल्या की अर्थ आपोआप जवळ येतो.

शुक्रवारची मावळत

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथ शुक्रवारी मावळतीला लागतो आणि शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसल्यावर सुटतो. घरात दिवे लावायची रूढ वेळ सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची. छत्रपती संभाजीनगरात नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. त्यामुळे 'शुक्रवारी सातला ऐकू' असं ठरवून जमत नाही. पंचांगात सूर्यास्त बघा आणि त्याच्या अर्धा तास आधी बसा. उजेड उतरत असताना ही गीतं ऐकणं आणि रात्री जेवून झाल्यावर ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण शब्दच त्या उतरत्या उजेडासाठी लिहिलेले आहेत.

अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, परंपरेत क्रम असा: स्तोत्रं ९५ ते ९९, मग २९. ही सहा स्तोत्रं म्हणजे कामाचे सहा दिवस असं मानतात. त्यानंतर 'लेखा दोदी' हे गीत आणि मग ९२ आणि ९३. बऱ्याच सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, मंडळींत आधीची पाच गाळून थेट २९ पासून सुरुवात होते. ही स्तोत्रं मराठी बायबलच्या स्तोत्रसंहितेत आहेत. पहिल्या शुक्रवारी गाणं ऐकूच नका. फक्त ९५ आणि २९ मोठ्याने मराठीत वाचा. २९व्या स्तोत्रात देवाच्या वाणीचा उच्चार सात वेळा येतो, वादळ लबानोनच्या देवदारांवर कोसळतं आणि शेवटची ओळ शांतीवर येऊन थांबते. मेघगर्जनेतून शांतीकडचा हा उतार एकदा तोंडाने म्हणून बघितला की पुढच्या गीताची जागा कळते.

लेखा दोदी

हे गीत सोळाव्या शतकात सफेद या डोंगराळ गावात श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलं. गालिल प्रांतातलं हे गाव त्या काळी गूढवादी साधकांचं केंद्र होतं. शब्बाथ ही नवरी आहे आणि तिला सामोरं जायचं आहे, ही गीताची मूळ कल्पना. नऊ कडवी आणि प्रत्येक कडव्यानंतर धृपद:

लेखा दोदी लिक्रात कल्ला, पेनेई शब्बात नेकब्बेला.

(चल सख्या, नवरीला सामोरे जाऊ; शब्बाथचं स्वागत करू.)

प्रत्येक कडव्यात चार चरण. पहिले तीन आपसात यमक जुळवतात आणि चौथा 'ला'वर संपतो: तेहिल्ला, हेम्ला, गेआला, निग्ला. धृपदही 'ला'वरच संपतं. हा 'ला' कानावर पडला की मंडळींनी उचलायचं. हिब्रू येत नसलेल्या माणसालाही धृपद कुठे घ्यायचं हे यामुळे कळतं. आपल्या टाळकऱ्यांना ही खूण सांगितली की पहिल्याच बैठकीत बसते.

दुसरी बांधणी कानाला कळत नाही, डोळ्याला दिसते. पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरं खाली-खाली वाचली की 'श्लोमो हलेवी' हे कवीचं नाव तयार होतं. नरसीचे नामदेव 'नामा म्हणे', गंगाखेडची जनाबाई 'म्हणे जनी' आणि पैठणचे एकनाथ 'एका जनार्दनी' अशी मुद्रा शेवटच्या चरणात उघड घालतात. इथे कवी आपलं नाव कडव्यांच्या तोंडाशी विखरून ठेवतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला ही रीत फार भावते. नाव देवापुढे ठेवलेलं आहे, लोकांपुढे नाही.

बरेच जण इथे एक गोष्ट चुकतात. नवरीचं गीत म्हणून सगळं गोड, लाडिक चालीत गातात. पण शब्बाथबद्दल बोलणारी कडवी पहिली दोन आणि शेवटचं एवढीच. मधली सहा जेरुसलेमशी बोलतात: उद्ध्वस्त नगरी, पुरे झालं अश्रूंच्या दरीत बसणं, धूळ झटक, ऊठ, आपली शोभेची वस्त्रं नेस. गीत आनंदाने सुरू होतं, दुःखातून जातं आणि पुन्हा दारात येणाऱ्या नवरीकडे वळतं. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी सहाव्या कडव्याला, 'लो तेवोशी'ला, चाल बदलतात. तुम्ही एकाच चालीत म्हणणार असाल तर तिसऱ्या कडव्यापासून लय थोडी ओढून धरा आणि सहाव्याला मोकळी करा. धृपद मात्र सगळीकडे एकाच वेगाने.

नवव्या कडव्याला, 'बोई वेशालोम'ला, सगळे उठून दाराकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करतात आणि शेवटच्या शब्दांना किंचित झुकतात. बसल्या जागी ऐकणाऱ्यानेही तेवढं उभं राहावं असं मला वाटतं. कारण हे कडवं येणाऱ्याचं स्वागत आहे, आणि स्वागत कोणी बसून करत नाही.

आदोन ओलाम आणि लगागागा

दुसरं गीत 'आदोन ओलाम', म्हणजे विश्वाचा स्वामी. ते अकराव्या शतकातल्या स्पेनमधल्या श्लोमो इब्न गबिरोल यांचं मानलं जातं, पण कर्तृत्व पक्कं ठरलेलं नाही. शब्बाथच्या उपासनेच्या शेवटी ते म्हणतात आणि रात्री झोपण्यापूर्वीही.

मराठी गझल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना या गीताचं वृत्त ओळखीचं निघेल. दहाव्या शतकात दूनाश बेन लब्रात या कवीने अरबी छंद हिब्रूत आणले आणि पुढे स्पेनचे ज्यू कवी त्यात लिहू लागले. 'आदोन ओलाम'चा अर्धा चरण असा (ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू): लगागागा लगागागा.

अ-दोन-ओ-लाम / अ-शेर-मा-लाख
बे-ते-रेम-कोल / ये-त्सीर-निव-रा

हाच गण चार वेळा आला की आपलं वियद्गंगा वृत्त होतं. वली आणि सिराज या औरंगाबादी शायरांच्या मुलखात हजज बहर, म्हणजे याच गणाचा अरबी-उर्दू छंद, नवी नाही. एका गणाच्या मात्रा सात, म्हणून रूपकात एक गण एका आवर्तनात चपखल बसतो. जगभरच्या रूढ चाली बहुधा चार किंवा तीन मात्रांच्या ठेक्यात आहेत, तिथे शेवटचं गुरू अक्षर वाढवून घेतात. केरव्यात म्हणायचं असेल तर प्रत्येक गणाचं चौथं अक्षर एक मात्रा लांबवा, पहिलं लघु अक्षर कधीही लांबवू नका. 'आ-दोन' असा पहिल्यावर जोर दिला की सगळं गीत लंगडायला लागतं. आपल्याला समेवर पहिलं अक्षर आणायची सवय असते, ती इथे नडते. सम दुसऱ्या अक्षरावर, 'दोन'वर, येऊ द्या आणि 'अ' आधीच्या मात्रेत सोडा.

दूनाशचंच 'देरोर यिक्रा' हे जेवणाच्या वेळचं शब्बाथगीतही याच वृत्तात आहे. त्यामुळे एका गीताची चाल दुसऱ्याला जशीच्या तशी लागते. हा सराव जरूर करा. चाल काढून घेतली तरी गीत तेच राहतं हे तोंडाला पटतं.

एक अडचण ठरलेली आहे. नवव्या ओळीचा पहिला अर्धा 'बेयादो अफ्कीद रूही' हा आठऐवजी सात अक्षरांचा आहे. इथे मंडळी एकमेकांच्या पुढे-मागे होतात. आधीच ठरवून घ्या की 'दो' दुप्पट लांबवायचा. सगळ्यांनी एकाच जागी लांबवलं की ओळ सावरते.

आता अर्थाकडे. दहा ओळींच्या रूढ पाठात सगळ्या ओळी 'रा'वर संपतात: निव्रा, निक्रा, नोरा… शेवटी ईरा. पहिल्या सहा ओळी निर्गुणाच्या आहेत. काहीच निर्माण झालं नव्हतं तेव्हा तो राजा होता, सगळं संपल्यावरही असेल, त्याला आदि नाही, अंत नाही, दुसरा नाही. सातव्या ओळीत एकदम वळण येतं: 'वेहू एली', आणि तो माझा देव आहे. मग तो संकटातला खडक होतो, निशाण होतो, आसरा होतो. शेवटी गाणारा म्हणतो: झोपताना आणि जागताना माझा आत्मा त्याच्या हाती सोपवतो, आत्म्यासोबत देहही; परमेश्वर माझा आहे, मला भय नाही.

आपल्याकडे निर्गुण जवळ आलं की ते विटेवर उभं राहतं, त्याला मुख येतं, कटीवर हात येतात. इथे तसं होत नाही. देव जवळ येतो, पण रूप घेत नाही. 'हात' हा एक शब्द येतो, आणि तोही सोपवण्यापुरता. रूपाशिवाय इतकी जवळीक शक्य आहे का, हा प्रश्न वारकरी मनाला पडणारच. या गीताचं उत्तर असं की सोपवून झोपी जाणं हीच जवळीक. म्हणून ते रात्री, दिवा मालवायच्या आधी, एकट्याने आणि हळू म्हणून बघावं. शब्बाथच्या शेवटी मोठ्या आवाजात म्हटलं जातं तेव्हा सातव्या ओळीचं वळण बहुधा लयीत वाहून जातं.

पेटी कुठे चालते आणि कुठे नाही

सुरांच्या बाबतीत एक सोय आहे. अश्केनाझी उपासनेत 'अहावा रब्बा' नावाची एक स्वरपद्धती आहे: सा, कोमल रे, शुद्ध ग, मध्यम, पंचम, कोमल ध, कोमल नी. हा आपला बसंतमुखारी. 'हावा नागिला'ही यातच आहे. 'मागेन आवोत' पद्धती आसावरी थाटाजवळची आणि 'अदोनाय मालाख' खमाजाच्या वळणाची. या तिन्ही पेटीवर निघतात. पुरुषांना काळी एक किंवा दोन पट्टी पुरे. शुक्रवारची स्तोत्रं वरच्या पट्टीत ओरडून म्हणायची नसतात.

सीरिया, इराक, इजिप्तकडच्या ज्यूंची गीतं मकामांत, म्हणजे अरबी रागांसारख्या स्वरपद्धतींत, असतात आणि तिथे पेटी फसवते. बयात मकामाचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध रे यांच्या मधोमध असतो, बाकी ग, ध, नी कोमल. पेटीवर कोमल रे दाबला की भैरवी होते, शुद्ध दाबला की आसावरी थाट. दोन्ही गोड लागतात आणि दोन्ही चूक. रास्त मकामात ग आणि नीची हीच गत. अशा गीतांना पेटी बंद ठेवा, तानपुऱ्याचा सा-प लावा आणि ध्वनिमुद्रण ऐकत गळ्यानेच तो स्वर शोधा. कव्वाली ऐकणाऱ्या खुलताबादच्या कानांना तो लवकर सापडतो असा माझा अंदाज आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे बक्काशोत. अलेप्पोच्या ज्यूंची ही रीत: हिवाळ्यातल्या शब्बाथला पहाटे तीनच्या सुमारास सिनेगॉगमध्ये जमून उजाडेपर्यंत एकामागून एक विनवणीची गीतं म्हणायची. जेरुसलेमच्या नाहलाओत भागातल्या अदेस सिनेगॉगमध्ये ती आजही चालते. काकड्याला उठणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र शब्बाथला वाद्य वाजवत नाहीत आणि ध्वनिमुद्रणही करत नाहीत. म्हणजे तुम्ही ऐकता ती बक्काशोतची मुद्रणं आठवड्याच्या इतर दिवशी केलेली असतात. त्यात ऊद किंवा कानून ही तंतुवाद्यं असतील तर ते मैफलीचं रूप समजा. उपासनेचं रूप नुसत्या गळ्याचं.

उच्चारांपुरतं थोडक्यात: हिब्रूचा 'त्सादे' मराठीच्या 'चूल'मधल्या च सारखा म्हणा, 'चहा'तल्या सारखा नको. 'खाफ' घशातून घासत, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. जोर बहुधा शेवटच्या अक्षरावर: दोदी, कल्ला, शब्बात. शब्दाच्या सुरुवातीचा 'बे', 'वे', 'ले' अगदी आखूड.

उत्तर देणारी मंडळी

एकट्याने म्हणायचं 'आदोन ओलाम' झालं. दहा-पंधरा जण असतील तर १३६वं स्तोत्र घ्या. २६ ओळी आणि प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा एकच: 'की लेओलाम हस्दो', त्याची दया सर्वकाळ आहे. पहिला अर्धा पुढे म्हणणाऱ्याचा, दुसरा सगळ्यांचा. आधी सृष्टी, मग मिसर देशातून सुटका, मग राजे आणि देश. शेवटाकडे, २५व्या ओळीत, प्रत्येक देहधाऱ्याला अन्न देणारा. एवढ्या मोठ्या इतिहासाचा शेवट भाकरीवर येतो.

लय वाढणं हा इथला हमखास दोष. भजनात लय चढणं हा रंग भरल्याचा पुरावा, पण इथे पहिला अर्धा प्रत्येक ओळीला वेगळ्या लांबीचा असतो. लय चढली की १९व्या आणि २०व्या ओळीत सिहोन आणि ओग या राजांची नावं तोंडात अडकतात आणि उत्तर नुसतं ओरडणं होतं. टाळ न घेता म्हणा. पुढे म्हणणाऱ्याने आपली ओळ उत्तराच्या शेवटच्या अक्षरावर उचलावी, मध्ये दम घेऊ नये. तेवढी एक गोष्ट सांभाळली तर २६ वेळा तेच म्हणूनही कंटाळा येत नाही. उत्तर तेच राहतं आणि त्याच्या पुढ्यात येणारी गोष्ट बदलत जाते. सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत ते पाठांतर वाटतं, पंधराव्याला ते मत झालेलं असतं.

रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधी क्षमायाचनेच्या दिवसांत सेफार्दी मंडळी 'आदोन हस्सेलिहोत' म्हणतात. त्यात देवाची विशेषणं हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने येतात आणि लोक म्हणतात: 'हातानू लेफानेखा, रहेम आलेनू', तुझ्यापुढे चुकलो, दया कर. विशेषण एक-एक करून बदलतं, कबुली बदलत नाही.

पाऊस

आता ज्या गीतासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ते आहे 'गेशेम', पावसाची प्रार्थना. सुक्कोत या मांडवांच्या सणाच्या पाठोपाठ येणाऱ्या शेमिनी अत्सेरेतला, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, वर्षातून एकदा ती म्हणतात. अश्केनाझी परंपरेतलं गीत एलआजार कालीर या प्राचीन कवीचं मानतात. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं पवित्र कपाट उघडलेलं असतं, हज्जान, म्हणजे उपासना गाऊन चालवणारा, महाउपवासाच्या (योम किप्पूरच्या) दिवसासारखा पांढरा अंगरखा घालतो आणि चालही त्याच गंभीर दिवसांची घेतो. पाऊस हा जीवन-मरणाचा निवाडा आहे हे पोशाखावरूनच कळतं.

सहा कडवी, आणि प्रत्येकात पूर्वजांची आठवण पाण्यातून काढलेली. अब्राहाम, जो पाण्यासारखा तुझ्यामागे ओढला गेला. इसहाक, ज्याने विहिरी खणल्या. याकोब, काठी घेऊन यार्देन ओलांडणारा, विहिरीवरचा दगड लोटणारा. मोशे, पाण्यातून काढलेलं लेकरू आणि पुढे खडकावर काठी मारून पाणी काढणारा. अहरोन, महाउपवासाच्या दिवशी पाच वेळा स्नान करणारा याजक. शेवटी बारा वंश, ज्यांच्यासाठी समुद्र दुभंगला. एका कडव्याचा शेवट 'बाआवूरो अल तिम्ना मायिम', त्याच्याखातर पाणी रोखू नकोस. पुढच्याचा शेवट त्याच्या पुण्याईने पाऊस दे. मागणारा आपली पुण्याई सांगत नाही. 'आम्ही एवढे उपास केले, आता दे' असा सौदा नाही. आधीच्यांनी पाण्याशी जे नातं ठेवलं ते आठवून तो हात पसरतो.

आणि मग शेवटी हज्जान तीन वाक्यं म्हणतो आणि प्रत्येकाला लोक 'आमेन' म्हणतात:

आशीर्वादासाठी, शापासाठी नको.
जीवनासाठी, मरणासाठी नको.
तृप्तीसाठी, दुष्काळासाठी नको.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातलं पहिलं वाक्य कुणी समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं दुष्काळी भागाला पाऊस कधीही हवाच. सोयाबीन कापून रानात पडलं असताना, कापसाची बोंडं उमललेली असताना आलेला परतीचा पाऊस काय करतो हे इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेंगेतच कोंब फुटतात, सरकीसकट कापूस काळा पडतो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं हेही ठाऊक आहे. पाऊस मागताना 'कोणता पाऊस' हे सांगावं लागतं, ही समज त्या गीतात शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. निंबाचा पाला बांधून धोंडी काढणारं आपलं मागणं जूनच्या कोरड्या आभाळाखालचं. त्यांचं मागणं ऑक्टोबरातलं, कारण इस्राएलात पावसाळा तेव्हा लागतो, आपला संपत येतो तेव्हा.

जगभर पांगलेले ज्यू या प्रार्थनेचा दिवस स्थानिक हवामानाप्रमाणे हलवत नाहीत. मुंबईत परतीचा पाऊस कोसळत असला तरी ती त्याच दिवशी. ज्या जमिनीवर आपण राहत नाही तिथल्या पिकासाठी पाणी मागायचं. आणि इस्राएलात तर नेहमीच्या प्रार्थनेत पाऊस मागायला आणखी १५ दिवस थांबतात, हेश्वान महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. कारण प्राचीन काळी सणाला जेरुसलेमला आलेल्या यात्रेकरूंना फरात नदीपर्यंत कोरड्या वाटेने घरी पोचता यावं. स्वतःचं रान तहानलेलं असताना वाटेवरच्या शेवटच्या माणसासाठी मागणं पुढे ढकलायचं. पंढरीच्या वाटेवर माणसं चालत असताना पाऊस आला काय आणि नाही आला काय, दोन्हीचा घोर लागलेल्या घरांना यातली माया कळेल. मला स्वतःला या एका नियमात साऱ्या गीतापेक्षा जास्त श्रद्धा दिसते.

ही प्रार्थना ऐकताना भाषांतर समोर ठेवाच. चाल संथ आहे, आणि पाण्याचे दाखले कळले नाहीत तर हाती काही लागत नाही.

मराठीतलं ज्यू गाणं

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल तर कोकणाकडे बघा. बेने इस्राएल हा तिथला ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. आडनावं पेणकर, दिवेकर अशी गावांवरून. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १८७४ मध्ये पुण्यात पेसाह (वल्हांडण) सणाची हग्गादा, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाच्या विधीची पोथी, हिब्रू आणि मराठी अशी छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजाने आपल्या हरिकीर्तनाच्या धर्तीवर मराठी कीर्तनं रचायला सुरुवात केली. आख्यानं अब्राहाम, योसेफ, मोशे यांची, पदं मराठी चालींवर. पुढे ही गाणी बायकांच्या मंडळांनी जपली, मुंबईत आणि इस्राएलातही. मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा की हिब्रू जड जात असेल तर ही मराठी पदं आधी ऐका. पूर्वरंग-उत्तररंग ओळखीचा, कथा नवी.

त्यांचा मलिदा हा विधीही गाण्याचाच. नवस फिटला, लग्न ठरलं, आजारपण सरलं की एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांच्या नावाने ताट मांडतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. आधी 'एलियाहू हन्नाबी' हे गीत म्हणतात, मग आशीर्वाद, मग प्रसाद. आपल्याकडे दर्ग्यावर चढतो तो मलिदा पोळी कुस्करून गूळ-तुपाचा. नाव एक, ताट वेगळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे एलियाच्या घोड्याच्या खुणा उमटल्या असं हा समाज मानतो आणि यात्रेला जातो.

पाळायच्या गोष्टी

सराव करताना देवाचं नाव 'अदोनाय' असं पुन्हा पुन्हा घेत नाहीत. त्या जागी 'हाशेम' म्हणतात. शिकताना तेच करा. हिब्रूत नाव छापलेली पानं रद्दीत घालायची नसतात, ज्यू लोक ती जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. झेरॉक्स काढलीत तर तेवढी काळजी घ्या, किंवा देवनागरीत 'हाशेम' लिहून घ्या.

सिनेगॉगमध्ये ऐकायचं तर पुणे, मुंबई किंवा अलिबाग गाठावं लागतं. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकायचं. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर मोबाइल बंद, वही-पेनसुद्धा बाहेर काढू नका, कारण शब्बाथला लिहिणंही वर्ज्य आहे.

सगळं म्हणून बघायची घाई नको. कद्दीश ही प्रार्थना दुःखातल्या माणसाची आणि किमान दहा जणांच्या मंडळीची. कोल निद्रे हे पठण वर्षातून एकदा, महाउपवासाच्या सांजेला, तीन वेळा चढत्या आवाजात म्हणतात. ही दोन्ही ऐका, म्हणू नका. स्तोत्रं, 'आदोन ओलाम', 'लेखा दोदी' घरी म्हणायला हरकत नाही. त्यात आपला नामगजर मिसळून जोडगाणं करण्याची हौस मात्र टाळावी, दोन्ही बाजूंचं अक्षर मोडतं.

स्तोत्रांचा क्रमांक हिब्रू आणि मराठी छपाईत एकच असतो, ओळींचा मात्र कधी कधी नाही. हिब्रूत 'दाविदाचं स्तोत्र' असं शीर्षक काही ठिकाणी पहिली ओळ म्हणून मोजतात, तेव्हा मराठीतली पहिली ओळ तिथे दुसरी होते. ९२व्या स्तोत्रात हे पहिल्यांदा जाणवेल: ध्वनिमुद्रणाच्या सोबत दिलेला आकडा मराठीपेक्षा एकाने पुढे असेल. ९५ आणि १३६ला शीर्षक नाही, तिथे ओळी जुळतात, म्हणून सुरुवात त्या दोघांपासून केलेली बरी.